नगऱ्याच्या वाचनालयातलं कुलूप

...तर पुन्हा अडकलं! तुम्हाला सांगतो, इथे हिंदी मुलखात, आमच्या नगरा गावातल्या मराठी वाचनालयात संगणक दोन, मध्ये एक तार, आणि पुस्तकांची सगळी नोंद एकाच इवल्याशा फायलीत. एका संगणकावर जनार्दनराव पुस्तकं देणार, दुसऱ्यावर मी परत घेणार. आणि मी बटण दाबलं की पडद्यावर काय? 'डेटाबेस लॉक्ड'! म्हणजे नोंदींच्या फायलीला कुलूप! समोर सरलाताई पुस्तक आपटतायत, "भैया, जमा करताय की घरी परत नेऊ?"

हे सगळं बनवलं जनार्दनरावांच्या कांचनने. बंगळुरात नोकरीला असते ती. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाबा, वाचू देत कितीही जण, पण लिहिणार एका वेळी एकच. तुम्ही नोंद अर्धी ठेवून उठलात की काकांचं अडणार." आता हे कोणाला सांगायचं? जनार्दनरावांना? अहो, सिंगल लाइनवर उभा जन्म काढलेला स्टेशनमास्तर! एका रुळावर एकच गाडी! रूळ मोकळा असल्याची खूण, ते टोकन, हातात असल्याशिवाय ज्यानं मंत्र्याची गाडी सोडली नाही, तो माणूस अर्धी नोंद टाकून खुशाल चहाला जातो? मी ओरडायचो, "मास्तर, एका रुळावर एकच गाडी!" तर हे शांतपणे फोन उचलायचे. "कांचन, बाळा, अडलं ग."

मग काय विचारता! ती तिकडून, "बाबा, पहिले नोंद पूर्ण करा." हे, "थांब, चष्मा शोधतो. जेवलीस का?" ती, "बाबा, सेव्ह दाबा ना!" हे, "दाबतो, दाबतो. आवाज बसलाय तुझा, सर्दी आहे का?" अहो, चष्मा नाकावर! इकडे माझ्यापुढे ही रांग, आणि मास्तरांचा चेहरा बघाल तर... एरवी ती दिवाळीलासुद्धा 'हॅप्पी दिवाली' पाठवून मोकळी. अडलं की मात्र बोलते, मराठीत, मोडकंतोडकं का होईना, पण बोलते. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. चूक कसली डोंबलाची! मास्तर मुद्दाम टोकन खिशात घालून बसत होते!

पण लेक हुशार ना! तिनं परवा दुरुस्तीच करून टाकली. "बाबा, आता सेव्ह दाबल्यावरच फाईल लॉक होते, आणि लगेच सुटते पण. आता मला फोन करायची जरूरतच नाही!" मास्तर म्हणाले, "शाबास ग." आणि फोन टेबलावर ठेवून त्याच्याकडेच बघत राहिले.

आता काही म्हणून अडत नाही. एका रुळावर एकच गाडी, तीही वेळेवर! मास्तर चहालासुद्धा उठत नाहीत. शेवटी काल मलाच राहवेना. टेबलाखाली पाय घातला आणि दिली तार उपटून! मास्तर कसे उजळले म्हणता! "अडलं! अडलं हो! थांबा, फोन लावतो!" लावला. ती म्हणाली, "बाबा, मीटिंगमध्ये आहे, तार निघाली असेल, लावून बघा." आणि ठेवला.

लावली तार... तर मेलं पहिल्या झटक्यात चालू!