सगळ्यांना नकार

नाही नाही, ती वायर हलवू नका — वायर ठीक आहे, मी स्वतः पाहिलीय. तुमच्याआधी आलेल्या माणसानंही आल्या आल्या वायरच हलवली, वायर हलवायचा काही कोर्स असतो का तुमच्यात? बसा. खुर्ची डुगडुगते, पण बसा. पुन्हा सांगतो — हा कॉम्प्युटर माझा, वरच्या मजल्यावरचा माझ्या धाकट्या बहिणीचा, आणि फोल्डर एकच, दोघांचा. राहतो माझ्या मशीनमध्ये, पण तिला वरून उघडता येतो — म्हणजे यायचा. सोमवारपासून तिलाही उघडत नाही आणि मलाही नाही. परवानगी नाही म्हणतो! माझं घर, माझं टेबल, माझा फोल्डर, आणि परवानगी मला नाही. आणि उद्या दहाला फाइल छापखान्यात पोचायला हवी.

कसली म्हणजे? पुस्तकाची. आमच्या आईवर धाकटीनं पुस्तक लिहिलंय — ऐंशी पानं, शंभर प्रती, नातेवाइकांत वाटायला. ती लिहून फोल्डरमध्ये टाकते, मी तपासतो. मी तपासणारच ना! एकतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होतो, केसाएवढा चरा दिसला की नग बाजूला. आणि हिचं लिखाण म्हणजे सगळा आनंदच — पान चारवर आईचे डोळे घारे, पान अकरावर काळेभोर! विचारलं तर म्हणते, दादा, उजेडावर असतं ते. उजेडावर! वर जाऊन आलात ना आत्ता, पाहिलंत तिचं टेबल? पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवलाय, वर त्याच्याभोवती फूल काढलंय. तिनंच काहीतरी भलतं दाबलंय, मी लिहून देतो.

काय? तिच्याकडे काही बिघाड नाही? नीट पाहिलंत? दोन्ही मशीनं एकमेकांना दिसतायत — बरं, दिसू देत. मग? माझ्याकडे? अहो, माझ्याकडे कुठून येणार दोष — हे काय उघडलंत? कुणाला काय परवानगी, त्याची यादी. हं. ‘सगळे’, आणि त्यांच्यापुढे नकार, त्यावर खूण. असेल. कुणी केली ते मशीन सांगतं का? नाही ना? मग माझ्याकडे कशाला बघताय?

बरं, मी केली. मीच केली, झालं समाधान? यादीत तिचं नाव शोधत होतो, सापडेना, तेवढ्यात ‘सगळे’ दिसलं. म्हटलं सगळे म्हणजे बाकीचे सगळे, मी तर मालक आहे! — काय? सगळ्यांत मीही? वा, वा. कुठल्या दीडशहाण्यानं बनवलंय हो हे? दाराला कुलूप लावलं की घरमालक रस्त्यावर!

हसू नका. एका वाक्यापायी झालं हे सगळं. पान चौसष्ट. ‘तीनदा फोन केला, तरी दादा आला नाही.’ आई शेवटच्या दुखण्यात हिच्याकडे होती, तेव्हा ही दुसऱ्या गावी राहायची. मी वाक्य काढलं. संध्याकाळी बघतो तर परत जागेवर. पुन्हा काढलं, पुन्हा परत. चार दिवस हेच — ती वर, मी खाली, जिन्यात भेटलो की पाणी आलं का, गॅस संपत आलाय, एवढंच, वाक्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. सोमवारी सकाळी पाचव्यांदा काढलं, आंघोळ करून येतो तो फाइलची वेळ बदललेली — साडेअकरा. म्हणजे घातलं हिनं परत! मी उघडूनसुद्धा पाहिलं नाही, सरळ नकार ठोकला. काल खाली येऊन विचारत होती, दादा, फोल्डर तुझ्याकडे तरी उघडतोय का? म्हटलं नेटवर्कमध्ये दोष आहे, माणूस बोलावलाय. तिला पटलं. तिला काहीही पटतं.

खोटं कोण म्हणतंय? वाक्य खरंच आहे हो. आले होते तीन फोन. पण मोठा माल निघायचा होता, माझ्या सहीशिवाय गाडी हलत नव्हती, मी म्हटलं रविवारी येतो — आई शुक्रवारी गेली. सही काय, कुणीही केली असती. माझ्या हाताखालचा तो चष्मेवाला गाढव, त्यानंसुद्धा केली असती. पण खरं आहे म्हणून शंभर घरांत वाटायचं? माझ्या भाच्यांनी, पुतण्यांनी वाचायचं, आणि मग लग्नकार्यात मला वाकून नमस्कार करायचा?

निघाली खूण? उघडला? सरका, सरका जरा, मला बसू द्या. आता काढतो ते आणि इथूनच छापखान्यात पाठवतो, तिला पत्ता लागायच्या आत. साठ... बासष्ट... चौसष्ट. हे बघा, हे —

थांबा.

हे ते नाही. ‘आईचं दुखणं इतकं वाढलंय, हे दादाला मी कळवलंच नव्हतं. चूक माझी.’ हे कधी — सोमवार, साडेअकरा.

नाही हो, शुद्धलेखन बरोबर आहे. तिची काना-मात्रेचीसुद्धा चूक नाही. फक्त खोटं आहे. कळवलं होतं तिनं. तिसऱ्या फोनला तर रडत होती, आणि मी म्हटलं, कामाच्या वेळेत रडायला फोन करू नकोस. शंभर प्रतींत स्वतःला दोष लावून घेतेय, मूर्ख! आणि वर काल मलाच विचारते, फोल्डर उघडतोय का.

तुमचं झालं ना काम? मग उभे कशाला राहिलात? जुनं वाक्य परत आणून द्यायची काही गरज नाही, मला ते पाठ आहे. पाच वेळा काढलंय. निघा तुम्ही आता — कुणी बघत असलं की मला टाइप करता येत नाही.