शेपटीतला तांब्याचा खिळा

बसा जी, बसा. माझ्यासाठी उभं राहू नोका. मायबहिणींनो, भावांनो, लाखनीवरून अन् सानगडीवरून आलेल्या पाहुण्यांनो. मले ज्यानं बोलाले उभं केलं, त्याच्याकडे मी नंतर पाहतो. मी भांडेवाला माणूस. गिऱ्हाईक समोर असलं तं माझं तोंड थांबत नाही. पण हा यशवंतभाऊचा फोटो समोर ठेवला ना तुमी, हार घालून, आज त्याच्याकडे पाहूनच बोलतो.

यशवंतभाऊ कोण होता, हे आपल्या एकोडी गावाले काय सांगू? घरची लाइन गेली का तुमी कोणाले आवाज देत होते? भर पावसात खांबावर कोण चढत होता? आपला लाइनमन. पण खांबावरून उतरला का त्याचं दुसरं येड सुरू. जुन्या फौजेचे बक्कल. इंग्रजांच्या काळात शिपायांच्या कमरेले पट्टे राहत, त्याचे पितळी बक्कल. छातीवरच्या पट्ट्याची पाटी, पलटणीचा नंबर कोरलेली. असं जुनं पितळ तो जमा करे.

आमची दोस्ती त्याच्यातूनच झाली. लोक माझ्या दुकानात पाणी भराचा फुटका गुंड, भाजीचा चेपलेला गंज मोडीत देतात. त्या मोडीच्या टोपल्यात हा हात घालून बसे. मी म्हणो, "भाऊ, गिऱ्हाईक येऊन राहिले, बाजूले सरक." तो म्हणे, "तू तुझं वीक, मी माझं शोधतो." काही सापडलं का मी चिंच घेऊन घासाले बसो. तं तो हातातून हिसकून घे. "चिंच लावू नको बे! कोण्या शिपायाच्या बोटानं झिजलेलं हाय ते. तसंच राहू दे."

त्यात एक बक्कल सापाचा राहे. दोन कड्या, मधात वळलेला साप. साप कडीत अडकवला का पट्टा बंद. असा साप हाती आला का यशवंतभाऊ पहिले उलटा करे. शेपूट पाहे. मंग हळूच ठेवून दे. मी एक दिवस चिडलो. म्हटलं, "लेका, सापाचं तोंड सोडून शेपूट काहून पाहतो?" तवा त्यानं सांगितलं.

त्याचा खापरपणजा, घरात साऱ्यांचा आजाच तो, कामठीच्या छावणीत शिपाई होता. म्हातारपणी गावी आला. पट्टा कुजला, साप तेवढा राहिला. शेपूट तुटली होती, ती तांब्याचा खिळा ठोकून जोडून घेतली. खापरपणजा गेला. पिढ्या गेल्या. घरचे विसरले, अन् त्या सापाचा नागोबा झाला! पंचमीले दूध-लाह्या सुरू झाल्या त्याले. मंग बौद्ध धम्माची दीक्षा आली. यशवंतभाऊच्या बापानं घरचे सारे देव टोपल्यात भरले अन् गावच्या तलावात नेऊन बुडवले. जुनी गोष्ट एकट्या आत्यालेच ठाऊक होती, ती मागं मागं पळत गेली. "दादा, तो देव नोहे! तो आपला आजा हाय!" त्या घाईत तिचं कोण आयकते?

बापाचं चुकलं, असं यशवंतभाऊ कधी बोलला नाही. "देव बुडवले ते बेस केलं," म्हणे. "पण गड्या, आजा बुडला ना त्याच्यासंग."

दर उन्हाळ्यात तलाव आटला का तो गाळात फिरे. आपण हसलो. "लाइनमन गाळात करंट शोधून राहिला," असं म्हणत होते ना सारे? तो बी हसे.

आता आयका. माझ्या घरच्या देवघरातला होल्डर जळला. माझी बायको म्हणाली, "भाऊजी, आत या, पाहून द्या." इतक्या वर्साची दोस्ती, पण माझ्या देवघरापर्यंत तो कधी आला नव्हता. काहून नव्हता, ते ह्या गावात कोणाले माहीत नाही? त्यानं होल्डर बदलून बल्ब लावला. उजेड पडला. समोर आमचा नागोबा. माझ्या बाबानं तलावाचा गाळ धानाच्या बांधीत टाकला होता. त्या गाळातून निघालेला. नागोबा प्रकटला म्हणून घरी आणला अन् शेंदूर लावला. शेंदराचे इतके थर, का मी जन्मभर पितळ विकलं तरी मले तो बक्कल दिसला नाही.

यशवंतभाऊनं इचारलं, "वहिनी, उचलू का?" ती म्हणाली, "उचला." त्यानं उलटा केला. खालच्या अंगाले शेंदूर नव्हता; पिवळ्या पितळेत तांब्याचा लाल खिळा. बाप्पा! खिळ्यावरून अंगठा फिरवला त्यानं. पण ठेवून देला जागच्या जागी.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "घेऊन जा." तो म्हणे, "माझ्या बापानं आपले देव आपल्या हातानं काढले. दुसऱ्याच्या घरचा देव काढाचा हक्क मले कोणं देला? वहिनीले सांगू नको. आन हाय तुले माझी." मंग येई अधूनमधून. "वहिनी, बल्ब बराबर हाय ना?" बल्ब कायले बिघडते?

त्याच्या मातीवरून घरी गेलो अन् बायकोले सारं सांगितलं. आन त्याच्या जित्तेपणाची होती. ती म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं? मी का देला नसता?" रडली. आज सकाळी तिनं शेवटची पूजा केली. मंग तेलाच्या फडक्यानं एकेक थर काढला. चिंच नाही लावली. त्या जागी सुपारी मांडली. मले म्हणाली, "देव सुपारीत येते जी. आजा नाही येत सुपारीत. ज्याचा त्याले देऊन टाका."

ती बसली हाय तिथं बायकांत. पदराले बांधून आणला तिनं. ये वो, तूच दे. अन् करुणाबाई, यशवंतभाऊची लेक तू, समोर ये. हात कर. आता उलटा कर. तुझा बाप पाहे तसं. पहिले शेपूट पाह.

दिसला खिळा?

उभे व्हा जी सारे. जन्मभर तो मले "जय भीम" म्हणे अन् मी "राम राम" म्हणो. आज पहिले मीच म्हणतो. यशवंतभाऊ, आजा घरी आला. जय भीम.