सात शनिवारांचं वजन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक माननीय रेगेसाहेब, आपल्या शब्दाला मान देऊन संध्याकाळचा दवाखाना बंद ठेवून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर सुमेधा टिल्लू, युनियनचे पदाधिकारी, आज निवृत्त होत असलेले आपले बॉयलर अटेंडंट गुणाजी केणी, त्यांच्या सौभाग्यवती जनाबाईवहिनी, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून आलेली समस्त केणी मंडळी, आणि आतून येणाऱ्या बटाटेवड्यांच्या वासाने अस्वस्थ झालेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मी भिवाजी साळवी, स्टोअरकीपर. मला कोण ओळखत नाही? या कारखान्यात येणारा आणि जाणारा प्रत्येक ड्रम अठ्ठावीस वर्षं माझ्या काट्यावरून गेला आहे. मी व्यासपीठावर अनवाणी का आलो, असं मघाशी रेगेसाहेबांनी हळूच विचारलं. साहेब, त्याचं उत्तर भाषणात येणार आहे. थोडी कळ काढावी.

माझ्या आधी बोललेल्या सर्वांनी गुणाजीचे गुण गायले. मी मागे बसून मोजत होतो, सहा वक्ते झाले. सहाही जणांनी त्याच्या तब्येतीचा उल्लेख केला. 'साठीचे वाटत नाहीत', 'शर्ट खोचून कसे उभे आहेत पाहा', 'तरुणांनी आदर्श घ्यावा'. मला आज बोलायला सांगितलं ते मी त्याचा जवळचा मित्र म्हणून. संयोजकांची थोडी गफलत झाली आहे. मी त्याचा मित्र आहेच, पण गेली पाच वर्षं मी या माणसावर मनापासून जळतो आहे. आज निरोपाच्या दिवशी खोटं कशाला बोलू?

हे सुरू झालं त्र्याण्णव सालच्या जानेवारीत. कंपनीची वैद्यकीय तपासणी होती. गुणाजीचं वजन भरलं अठ्ठ्याऐंशी आणि रक्तात साखर निघाली दोनशे चाळीस. त्याच्या वडिलांचा पाय याच साखरेपायी गुडघ्याखाली कापला होता. नंतर होडीवर जाता येईना, तेव्हा ते दारात बसून जाळी विणायचे. गुणाजीने ते लहानपणापासून पाहिलं होतं. कागद हातात घेऊन तो बॉयलरमागे बसून राहिला, दुपारचा डबासुद्धा उघडला नाही.

आणि माझी साखर किती निघाली? मी रक्त दिलंच नाही. 'आज माझी संकष्टी आहे, उपवासाला रक्त काढू देत नाही,' असं मी कंपाउंडरला सांगितलं. तो बिचारा भाविक होता, त्याला पटलं. संकष्टी दोन दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

गुणाजी डॉक्टर टिल्लूंकडे गेला. बाईंनी भात, चपाती, भाकरी, साखर, बटाटा, सगळं बंद केलं. मासळी खा, अंडी खा, पालेभाजी खा, ताक प्या, आणि दर तीन महिन्यांनी रक्त दाखवायला या. जनाबाईवहिनी तेव्हा काय म्हणाल्या होत्या, ते गुणाजीने मला सांगितलं होतं. 'भात नाय त कालवण कशाला रांधू? बशीत वतून पिनार काय?' वहिनी, तुम्ही हसताय, पण त्या दिवशी तुम्ही रडला होता. तरी दुसऱ्या दिवसापासून डब्यात नुसती बोंबील-कोलंबी आणि मेथीची भाजी यायला लागली.

मग मीही ठरवलं, आपणही भात सोडायचा. मी रत्नागिरीकडचा माणूस. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. आमच्याकडे भात न खाता उठलेला माणूस उपाशीच धरतात. तरी सोडला. आरोग्यासाठी सोडला असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण एवढंच की माझी बायको मालन जेवताना म्हणाली, 'बघा ते गुणाजीभावजी! मनावर घेतलं की नाही?' ती समोरच बसली आहे, दुसऱ्या रांगेत. विचारा हवं तर.

दर शनिवारी दुपारी, माल चढवून झाला की, आम्ही दोघं स्टोअरच्या मोठ्या काट्यावर वजन करायचो. आकडे खडूने दाराच्या मागच्या बाजूला लिहायचे, डावीकडे त्याचे, उजवीकडे माझे. डावीकडे अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी. उजवीकडे शहाऐंशी, पंचाऐंशी, त्र्याऐंशी, त्र्याऐंशी, त्र्याऐंशी. मे महिन्यात माझा काटा जो बसला तो उठेना. भात नाही, चपाती नाही, चहात साखर नाही, आणि काटा ढिम्म! डॉक्टरबाई याला काय म्हणतात ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी त्याला गुणाजीची दृष्ट म्हणायचो.

मी उपवास वाढवले. सोमवार होताच, शनिवार धरला. दोन्ही एकादशा, संकष्टी, विनायकी, वर श्रावण. अंगारकीला टिटवाळ्याला जाऊन गणपतीला साकडं घातलं. काय मागितलं? माझं वजन कमी कर, एवढंच मागायला हवं होतं. मी मागितलं, 'त्याचंही थांबव.'

गणपती बसले तेव्हा गुणाजी एकोणऐंशीवर आला. त्या शनिवारी काट्यावरून उतरून त्याने पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. कॅन्टीनमधले लोक बघायला आले. आमच्या टाइपिस्ट बाई म्हणाल्या, 'केणी, तुम्ही तर हिरो दिसायला लागलात.' त्याच बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'साळवी, तुमचं अजून तेवढंच का हो?' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता पुढचं सांगताना मला जरा पाणी प्यायला हवं.

तुमच्यापैकी जे स्टोअरमध्ये राबले आहेत त्यांना ठाऊक आहे, माल घेऊन येणारे काही ट्रकवाले वजन करताना सहज उभे राहिल्यासारखे करतात आणि बुटाचा चवडा हळूच काट्याच्या कडेवर टेकवतात. ड्रम दोन किलोंनी जड होतो. असे किती जण मी पकडले, किती जणांना गेटबाहेर काढलं! 'साळवीसमोर काट्याशी खेळ नाही' असं एमआयडीसीत म्हणायचे. याचा मला अभिमान होता.

पुढच्या शनिवारी गुणाजी काट्यावर चढला. त्याची पाठ माझ्याकडे होती. तो साडेअठ्ठ्याहत्तर भरत होता. मी माझ्या सेफ्टी शूजचा चवडा कडेवर टेकवला आणि सांगितलं, 'एकोणऐंशी.'

मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. होऊ द्या. मी आज हेच सांगायला उभा राहिलो आहे.

तो म्हणाला, 'आसंल. कालपरवा चिंबोऱ्या जास्ती झाल्या.' त्याच्या पुढच्या शनिवारी त्याचं आणखी अर्धा किलो कमी झालं, मी अर्धा किलो जास्त दाबलं. एकोणऐंशी. असे सात शनिवार. शेवटी शेवटी मी साडेतीन किलो दाबत होतो. बोटं वाकवून, चवड्यावर जोर देऊन, चेहरा शांत ठेवून. दारावर डावीकडे एकोणऐंशीची रांग आणि उजवीकडे त्र्याऐंशीची. ती दोन्ही बाजूंची रांग बघून मला किती बरं वाटायचं, ते सांगायला आज लाज वाटते.

गुणाजी मात्र खंगला. वजनाने नाही, मनाने. 'भिवा, माजा काटा हालत नाय रं. बापासारका माजा बी पाय जानार काय?' असं तो मला विचारायचा. मी काय म्हणायचो? 'अरे, थोडा भात खायला लाग. नाहीतरी काही उपयोग नाही.' हे मी म्हणालो. त्याने खाल्ला नाही, हे त्याचं नशीब आणि माझंही.

कारण इकडे माझ्या पायाचं भलतंच झालं होतं. सेफ्टी शूजच्या पुढच्या लोखंडी टोपीची कड दर शनिवारी त्याच जागी घासायची. उजव्या अंगठ्याला फोड आला, फुटला, चिघळला. मला दुखलंसुद्धा नाही. तिसऱ्या आठवड्यात मोज्याला डाग दिसला, तेव्हा हळद लावून गप्प बसलो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी लंगडतोय हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? मालनच्या नाही. गुणाजीच्या. त्याने स्टोअरमध्येच मला स्टुलावर बसवलं, माझा बूट काढला, आणि अंगठा बघून त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, 'माज्या बापाचा आसाच सुरू झालता. चल, ऊठ.' हाफ डे टाकून, रिक्षात घालून त्याने मला टिल्लूबाईंच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई, तुम्हाला आठवतं? माझी साखर तीनशे दहा निघाली. जखम दुखत का नव्हती ते तुम्ही समजावून सांगितलंत. साखरेने पायाची जाणीवच बोथट झाली होती. मग तुम्ही विचारलंत, 'खाता काय?' मी छाती फुगवून सांगितलं, भात नाही, चपाती नाही, शिवाय महिन्याला बारा-तेरा उपवास. 'उपवासाला काय खाता?' साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ, दोन केळी, रात्री राजगिऱ्याचा लाडू. तुम्ही पेन खाली ठेवलंत. 'साळवी, मग तुम्ही सोडलंत काय?'

मला वाटायचं, उपवासाचं ते खाणं नव्हेच! देवाचं आहे, ते अंगाला कसं लागेल? एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपण दुसऱ्यांना म्हणतो. माझं वजन का थांबलं होतं ते त्या दिवशी कळलं. शिवाय तुम्ही म्हणालात, सगळं नीट पाळूनही कधीकधी वजन काही आठवडे थांबतं, शरीर दम खातं, तेवढ्याने धीर सोडायचा नसतो.

त्यावर गुणाजी म्हणाला, 'माजा बी सात आठवडं थांबलाय, बाय.' तुम्ही टेपने त्याची कंबर मोजली, चार इंच कमी. रक्त तपासलं, साखर एकशे आठ. तुम्ही बुचकळ्यात पडलात. कोपऱ्यातल्या छोट्या काट्याकडे बोट दाखवून म्हणालात, 'इथे उभे राहा बघू.' आता पकडलो गेलो, संपलं.

आणि हा माणूस काय म्हणाला? 'नको बाय. ह्यो स्प्रिंगचा काटा. आमच्या भिवाचा काटा खरा. सरकारी शिक्का हाय त्यावर, आन भिवा कुनाला ग्रॅमभर बी खोटा सांगत नाय.'

मंडळी, अंगठ्याची जखम मला दुखत नव्हती. हे वाक्य दुखलं. अजून दुखतं.

पुढच्या शनिवारी मी पाय मागे घेतला. एका आठवड्यात साडेतीन किलो उतरले म्हणून गुणाजीने अख्ख्या प्लांटला उकडलेली अंडी वाटली. मला दोन दिली. मी साबुदाणा सोडला, गोळ्या घेतल्या, मार्गशीर्षात माझाही काटा हलला. तीन महिने गुणाजीने रोज दुपारी माझी जखम पाहिली. अंगठा जागेवर आहे. बघा, म्हणूनच अनवाणी आलो. हा अंगठा त्याने वाचवला, आणि ह्याच अंगठ्याने मी त्याला फसवलं होतं. पाच वर्षं मी हे सांगू शकलो नाही. सांगितलं असतं तर तो आणखी मोठा झाला असता आणि मी आणखी लहान. तेवढंही मला सोसवत नव्हतं.

थांबा, गुणाजी उभा राहिलाय. काय रे? बोल, मी माइकवरून सांगतो. तो विचारतोय, 'म्हंजे त्या दिवालीला मी किती व्हतो?' साडेपंचाहत्तर होतास, गुणाजी. काय म्हणतोस? 'म्हंजे माजा काटा कंदी थांबलाच नव्हता?' नाही रे, नव्हता थांबला. एक दिवसही नाही.

ऐका! ऐका या टाळ्या! बघा साहेब, पाच वर्षं पोटात दगड घेऊन फिरलो मी, सगळ्यांसमोर अब्रू काढून ठेवली मी, आणि टाळ्या पुन्हा यालाच. आता मी जळू नको तर काय करू?

असो. रेगेसाहेबांनी वेळ दिला, डॉक्टरबाईंनी माझा पाय राखला, जनाबाईवहिनींनी माझ्या उपवासाच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी न सांगता किती वेळा डब्यात मासळीचा तुकडा जास्त घातला, या सगळ्यांचे मी आभार मानतो. बोलण्याच्या भरात सभागृहाचा काही अवमान झाला असेल तर आपण मोठ्या मनाने पोटात घालावं. पण त्या सात शनिवारांची माफी मी सभागृहाकडे मागत नाही. ती एकाच माणसाकडे मागायची आहे.

सोमवारी स्टोअरमध्ये नवा विजेवर चालणारा काटा येतो आहे. जुना मी मघाशीच ढकलत आणून हॉलच्या दारात ठेवला आहे, खडूही आहे. गुणाजी, खाली ये आणि एकदा उभा राहा. या वेळी माझ्याकडे पाठ करू नकोस, माझ्या पायांकडे बघ.