माईकवर दत्तक घेतलेली लेक

मंडळी, बसून घ्या. मागचे पुढं सरका. सतरंजी मोकळी आहे. खुर्च्यांना मात्र हात लावू नका, त्या देणगीदारांच्या आहेत! पेटीवाले, सूर धरून ठेवा. आज आधी मी विचारणार, मग तुम्ही टाळ्या वाजवायच्या — वाजवाव्याशा वाटल्या तर.

प्रश्न असा. माणूस हातानं देतो ते दिसतं. धान्य दिलं, दिसलं. फी भरली, दिसली. पण तोंडानं देतो त्याचं काय? ते दिलं म्हणायचं का नाही? आणि दिलं असेल, तर ते राखायचं कुणी — देणाऱ्यानं का घेणाऱ्यानं?

उत्तर नको. आधी ऐका.

एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, सांगितलं तर इथून दोघं-तिघं चप्पल शोधायला लागतील. त्या गावात एक मंडळ. निराधार घरांना धान्य द्यायचं, हुशार पोरांचा शिक्षणाचा खर्च उचलायचा. काम चांगलं हं! चांगल्याला मी वाईट म्हणत नाही. पण मंडळानं योजनेला नाव दिलं — विद्यार्थी दत्तक योजना!

आता हा शब्द हल्ली किती स्वस्त झालाय बघा. गाव दत्तक! झाड दत्तक! चौकातली बाग दत्तक — आणि बागेत शेळ्या! झाड बिचारं बोलत नाही. वाळतं आणि गप्प राहतं. इथं मात्र दत्तक घ्यायची होती माणसं. माणसाला कान असतात, मंडळी. घोटाळा तिथंच झाला.

केराबाई भिसे. गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची, मंगल कार्यालयात भांडी घासायची. नवरा वीटभट्टीवर काम करताना वारला. घरात म्हातारी सासू आणि एक लेक — वैजयंता. घरची हाक वैजू. पोरगी अशी हुशार, की मास्तरच तिला गणित विचारायचे! तिला शहरात जाऊन पुढं शिकायचं होतं. मंडळानं खर्च उचलला तर शहरातलं वसतिगृह, नाहीतर आईशेजारी बसून भांडी. मधला रस्ता नव्हता. एवढं ध्यानात ठेवा.

वैजू नववीत असताना मंडळाचा कार्यक्रम झाला. देणगीदार विश्वनाथराव दुधगावकर — सिमेंट, सळई, पत्रे! पहिल्या रांगेत त्यांचे म्हातारे वडील, आबासाहेब. विश्वनाथरावांनी माईक हातात घेतला. आता माईक हातात आला की माणसाचं काय होतं, मला विचारा! म्हणाले, "मला दोन मुलगे. लेकीची हौस राहून गेली. आजपासून ही वैजयंता माझी दत्तक लेक! आमच्या घराण्याची!"

टाळ्या! केराबाईच्या ओटीत नारळ घातला. पोरीनं आबासाहेबांच्या पाया पडून घेतलं. फोटो निघाला. विश्वनाथराव दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले.

केराबाई गेली देवळात, तात्या गुरवाकडं.

"तात्या, लेक दत्तक गेली."

"कुणाला गं?"

"सिमेंटवाल्याला. माईकवर घेतली. ओटीत नारळ घातला."

"नारळ घातला? मग झालंच की!"

"पण राहती माझ्याकडंच."

"राहू दे. मोठ्यांच्या तऱ्हा मोठ्या. पण कूळ बदललं बाई. इथून पुढं तिकडचं सुतक तिला, इकडचं नाही. आणि सुतकात वही-पुस्तकाला शिवायचं नाही, सांगून ठेवतो."

हसताय काय? तात्या चुकला का? रीतीला धरून बोलला! चूक एवढीच, की दत्तक म्हणजे दत्तक असं समजला.

दहावी झाली. पुढचा खर्च कुणाचा उचलायचा हे ठरवायला मंडळानं परीक्षा ठेवली. गैरहजर राहील त्याचं नाव कमी! आणि परीक्षेच्या तोंडावर आबासाहेब वारले. केराबाईला मंगल कार्यालयात कळलं. हात धुतले, घरी आली.

"वैजू, पुस्तकं माळ्यावर टाक. तुझे आजोबा गेले."

"आई, परवा परीक्षा आहे!"

"दहावं झाल्याबिगर नाही."

"अगं, मी त्यांना एकदाच बघितलंय!"

"एकदाच बघितलं म्हणून नातं थोडकं होतंय का?"

पोरगी रडली. कुणासाठी रडली, ते विचारू नका. पोतं अंथरून कोपऱ्यात बसली. परीक्षेचा दिवस आला आणि गेला. आणि दुधगावकरांच्या घरात? विश्वनाथराव तिसऱ्याच दिवशी दुकानात, डोक्याला टोपी घालून सळईचा भाव सांगताहेत! धाकटे चिरंजीव मित्राच्या हळदीत नाचताहेत! आबासाहेबांचं सुतक नीट पाळलं ते वस्तीवरच्या पत्र्याच्या खोलीत.

नाव कमी झालं. केराबाई लेकीला घेऊन मंडळाच्या सभेत शिरली. हॉल भरलेला. व्यासपीठावर चिटणीस, शेजारी विश्वनाथराव. डोक्यावर नुकते केस उगवलेले.

चिटणीस म्हणाले, "बाई, नियम तो नियम. परीक्षेला का आली नाही मुलगी?"

"सुतक होतं सायेब."

"कुणाचं?"

"तिच्या आजोबांचं."

"तुमचे सासरे तर कधीच गेले ना?"

"ते माझे सासरे. हिचे आजोबा आत्ता गेले. ह्यांचे वडील!" आणि बोट विश्वनाथरावांकडं.

हॉल हसला. आत्ता तुम्हीही हसलात, ऐकलं मी. विश्वनाथराव हसले नाहीत. हळूच म्हणाले, "अहो बाई, ते दत्तक म्हणजे... खर्चापुरतं. बोलायची पद्धत असते."

तेव्हा वैजूनं तोंड उघडलं. "मग आमची आजी गेली तेव्हा मी कोण होते?"

कुणाला काही कळेना. केराबाईनं सांगितलं, "गेल्या थंडीत माझी सासू गेली. पोरीला वाढवलं तिनं, मी दिवसभर भांड्यात. पण मी हिला सुतक धरू दिलं नाही. दहाव्याला घाटावर नेली नाही. म्हणलं, तू आता तिकडची. रडत शाळंला गेली ती."

आता हसायला कुणी नव्हतं.

चिटणीसांनी घाम पुसला. "ठीक आहे बाई. परवा पुन्हा परीक्षा घेऊ. झालं समाधान?"

"परीक्षा मागनं. आधी लेक परत द्या. माईकवर घेतली, माईकवर द्या."

"अहो, मी खर्च देतो म्हणतोय ना!" विश्वनाथराव.

"खर्च नका देऊ वाटलं तर. लेक द्या."

मंडळी, त्या माणसानं शेकडो भाषणं केली होती. त्या दिवशी माईक उचलेना! शेवटी उभे राहिले. "वैजयंता ही... केराबाईंची लेक आहे. आमची नाही."

टाळी नाही. एकही नाही.

चिटणीस खाकरले. "तर मग परवा सकाळी परीक्षा."

वैजू म्हणाली, "परवा नाही जमणार, सर."

"आता काय आणखी?"

"आजीचं सुतक आहे. उशिरा कळलं तर तीन दिवस धरतात."

"अगं पण तुला तर तेव्हाच कळलं होतं!"

"ती गेली हे कळलं होतं, सर. ती माझीच आजी, हे आत्ता कळलं."

मंडळ थांबलं का? थांबलं. न थांबून करतंय काय, सगळा हॉल बघत होता! तीन दिवस गेल्यावर पोरगी न्हाऊन परीक्षेला बसली. पास झाली, शहरात गेली. विश्वनाथरावांनी खर्च शेवटपर्यंत दिला, खोटं कशाला बोलू? भाषण मात्र पुन्हा केलं नाही.

आता खुर्च्यांकडं वळतो. इकडं बघा की! मोबाईलमध्ये काय आहे? तुमच्यातल्या कितीजणांनी लेकरं दत्तक घेतलीत? हात वर करा... वा! बरेच आहेत. आता त्यांच्यातल्या एकाच्या आईचं नाव सांगा. एकाच्या.

खाली आले हात!

पैसे द्या. भरपूर द्या, वेळेवर द्या. फी भरली तर 'फी भरली' म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण लेक म्हणालात, तर तिकडं एक पोरगी तुमच्या मेलेल्यांसाठी पोत्यावर झोपेल — आणि स्वतःच्या मेलेल्यांना रडायला मुकेल. तुमच्या एका टाळीसाठी! हा सौदा करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

टाळकरी, उचला टाळ. आता सगळ्यांनी देवाचं नाव घ्यायचंय. ज्याला जमणार असेल त्यानंच तोंड उघडा.