पोळ्याच्या दिवशीची जीप

चहा राहू द्या बाजूले, आधी सांगा, जवायाले कोणी गाडीले जुतते काय?

लढाई संपल्यावर माह्या सासऱ्यानं मिलिटरीची जुनी जीप घेतली. पोळ्याले मले न्याले ते सोता कारंज्याले आले. त्यायच्या गावात तोरणाखाली पयला मान त्यायच्याच बैलजोडीचा. उशीर झाला तर तो मान त्यायचा चुलतभाऊ घेईन, म्हणून चिखलातून अशी हाकलली जीप, का गावाच्या अलीकडंच खाडकन आवाज झाला. इंजिनाच्या जोरावर मागच्या चाकायले फिरवते तो लोखंडी दांडा तुटला, अन् तुटता तुटता त्यानं गिअरची पेटी फोडली. तेल सारं रस्त्यावर!

तेवढ्यात मागून एक कास्तकार सजवलेली जोडी घेऊन आला. मी म्हटलं, "मामाजी, हे बैल लावू."

ते भडकलेच. "पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू? डोकं फिरलं काय तुमचं?"

"मंग वढन कोन?"

"तुमी हाये ना, जवाईबापू!"

अन् सोता नवा फेटा सांभाळत स्टेअरिंगवर बसले. कास्तकारानं मागून ढकलली. मी पुढं, खांद्यावर दोर, नवं धोतर चिखलात. बैल झूल घालून मागून आरामात येऊन राह्यले!

मान राह्यला त्यायचा. माहा खांदा सुजला. संध्याकाळी सासूबाई लोणी-हळदीची वाटी घेऊन आल्या. मी इचारलं, "इतक्या लवकर कुठून आनलं?"

"काल बैलायचे खांदे मळले नं बापू, त्यातलंच उरलं. लावा, बैलायले लय गुण येते यानं."