फितीच्या आतली विळी

…अन् मला म्हणतो, "आजी, सर्टिफिकेट नसेल तर विळीला हात नाही लावायचा!" मला! अहो, लग्न होऊन इथं पिपलानी कॉलनीतल्या क्वार्टरात आले तेव्हापासून आपल्या मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाची भाजी मी चिरते! ही बघा बोटं… दहाच्या दहा!

हा कोण म्हणाल, तर अंबरीश, आमच्या सेक्रेटरीणबाई मालतीचा मुलगा. कुठलासा सेफ्टीचा कोर्स करून आलाय, तेव्हापासून आईला चहा गाळतानासुद्धा चष्मा लावायला लावतो! गेल्या साली भाजी चिरताना सुलभाचं बोट कापलं, झालं… मंडळात ठराव! ट्रेनिंग केल्याशिवाय धारेजवळ कुणी नाही. आता तुम्हाला सांगते, मला काय त्या भोपळ्याचं कौतुक आहे? पण विळीभोवती बायकांचा घोळका बसतो ना, अख्ख्या पिपलानीच्या भानगडी तिथं निघतात, त्या सोडू होय मी?

म्हणून गेले त्या ट्रेनिंगला. पडद्यावर चित्रं, सगळी सुऱ्यांची! "औजार हमेशा हातात पक्कं पकडा, आजी." म्हटलं, "राजा, विळी पायाखाली असते, पकडू कशानं?" बायका फिदीफिदी! याचं आपलं चालूच, "नियम मतलब नियम, ग्लव्हज घाला." घातले! त्यात बोट कुठलं अन् गवार कुठली, कळेना! काढून फेकले. ही बघा, दहाच्या दहा…

अन् मला सुचली खोडी. काय करू, स्वभाव! सरावाला बीट ठेवलं होतं, चांगलं चोळलं बोटाला अन् ठोकली आरोळी, "अगं आई गं, गेलं बोट!" शशिकला मटकन खाली बसली, मालती नवस बोलून मोकळी… पण कार्टं घाबरलं नाही हो! धावला, माझा हात वर धरला, कापूस दाबला, अशी झक्क पट्टी बांधली की खरंच कापलं असतं तर बरं, असं वाटलं! मग त्यानं वास घेतला. "आजी… हे बीट आहे."

वाटलं, नापास! कुठलं काय, सर्टिफिकेट दिलं मेल्यानं, वर फोटो काढला!

तर आज महाप्रसाद. बसलेय ऐटीत विळीवर. पण हा म्हणतो, "आजी खोड्या करतात, यांच्याजवळ कुणी नको," अन् माझ्याभोवती ही धोक्याची पिवळी-काळी फीत! सगळ्या बाया पार तिकडं, भिंतीशी, कोथिंबीर निवडतायत. आत्ता काय हशा पिकला म्हणून सांगू! मान लांब करून विचारलं, "कोण गं? कोणाबरोबर?"

तर मालती ओरडली, "काकू, लक्ष विळीवर!"

ठेवलं, बाई, ठेवलं… सुरक्षित आहे मी.