ठिपक्यांच्या घरातलं नाव

मुकाश : नाही म्हणजे नाही. या गुरुवारचं कोडं मिळणार नाही, पुढच्याही नाही. त्या जागी मेंढ्यांच्या औषधाची जाहिरात छापा.

सेय्दे : आबा, वर्तमानपत्राचं सगळं कार्यालय सोडून मी स्वतः माफी मागायला आलेय. कराकोलच्या बाजारापासून इथपर्यंत चिखल तुडवत. निदान चहा तरी विचारा.

मुकाश : चहा समोवारात आहे, हात तुला आहेत.

सेय्दे : हे बरंय. पान लावताना दुसऱ्यानेच घोळ घातला आणि बोलणी खायला मी. जर्दाळूचा मुरंबा कुठे ठेवलाय?

मुकाश : खिडकीत. अगं, उभे-आडवे शब्द काय, कुणीही भरतो. ठिपके असलेल्या घरांतली अक्षरं ओळीने वाचली की शेवटचं उत्तर निघतं, त्याच्यासाठी तर सगळा खटाटोप. आणि तुम्ही माझ्या कोड्यावर मागच्या आठवड्याचे ठिपके छापता!

सेय्दे : चुकलं आबा.

मुकाश : तू सोडवून पाहिलंस? काय निघालं?

सेय्दे : ते मोठ्याने वाचलं तर शिंक आल्यासारखं वाटतं.

मुकाश : हसू नकोस.

सेय्दे : बरं, नाही हसत. पण आबा, चूक याआधीही झाली होती. दोन वर्षांपूर्वी अर्धं कोडंच छापायचं राहिलं, तेव्हा तुम्ही नुसतं खाकरलात आणि सोडून दिलंत. या वेळी एवढं का मनाला लावून घेताय?

मुकाश : या वेळचं वेगळं होतं.

सेय्दे : ते आलं लक्षात. दर वेळी खाली एक साधी सूचना असते, "फळ" किंवा "घरातली वस्तू". या वेळी तुम्ही लिहिलंत, "जिचं नाव या घरात अकरा वर्षं कुणी घेतलं नाही." आमच्या संपादकांनी चष्मा काढून दोनदा वाचलं.

मुकाश : वाचून ठिपके तपासले असते तर उपकार झाले असते.

सेय्दे : लोकांनी मात्र हार मानली नाही हं. ठिपक्यांतून काही निघेना, तेव्हा सूचनेवरून अंदाज बांधून पाठवलंय सगळ्यांनी. एकसष्ट उत्तरं. पिशवी भरून आणलीत. ऐका. "लाज." हे दवाखान्यातल्या परिचारिकेचं. "सासू." हे जेती-ओगुझच्या एका गृहस्थांचं, खाली सही आणि घराचा पत्ता, म्हणजे माणूस धीट आहे.

मुकाश : त्याच्या बायकोने वाचलं तर पुढच्या आठवड्यात उत्तर यायचं नाही.

सेय्दे : हसलात! आता पुढचं. "शांतता." "दारू." "दारू." "दारू." ही तिन्ही एकाच गल्लीतली. आणि सात जणांनी लिहिलंय, "चिनारा."

मुकाश : काय?

सेय्दे : चिनारा. तुमची मुलगी.

मुकाश : त्यांना काय करायचंय माझ्या मुलीशी?

सेय्दे : आबा, गावाला काय डोळे नाहीत? मे महिन्यात शेवटचं उत्तर निघालं "छप्पर", आणि त्याच आठवड्यात तुमच्या घरावर नवे पत्रे. ऑगस्टमध्ये "जर्दाळू", आणि इथे फांद्या वाकलेल्या. "गुडघा" निघालं तेव्हा माझ्या आईने तुम्हाला चोळायला अस्वलाची चरबी पाठवली होती, आठवतं? कोड्यांतून ही पत्रं कुणाला लिहिताय ते सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त तोंडावर कुणी बोलत नाही.

मुकाश : लहानपणी ती इथेच बसायची, या टेबलाशी. निम्मे शब्द भरायच्या आतच शेवटचं उत्तर सांगून मोकळी. म्हटलं, तिकडे रशियात फोनवर आपलं पान दिसतं म्हणतात. बघत असेल. नसेलही.

सेय्दे : एक फोन केला असता तर?

मुकाश : नंबर कुठाय माझ्याकडे? आणि असता तरी बोललो काय असतो? मला नाही येत बोलायला. चौकोनात बसेल तेवढंच येतं.

सेय्दे : मग "चिनारा" हे बरोबर उत्तर आहे का?

मुकाश : नाही. तिचं नाव मी रोज घेतो. भिंतीशी घेतो, पण घेतो.

सेय्दे : मग राहिलं हे एकच. हे पिशवीत नाही, कार्यालयाच्या फोनवर आलंय. मी म्हटलं, कुणीतरी थट्टा केली असणार. एवढाच एक शब्द आहे, "उंदरी." आमच्या घरात तर उंदरांचं नाव दिवसातून दहादा...आबा? आबा, काय झालं? बसा, बसा खाली. पाणी देऊ?

मुकाश : परत वाच.

सेय्दे : उंदरी.

मुकाश : कुणी पाठवलंय?

सेय्दे : नाव नाही, गाव नाही. नंबर रशियातला आहे.

मुकाश : कोड्यातून हे निघणं शक्यच नव्हतं. ठिपके चुकीचे होते.

सेय्दे : तेच तर म्हणतेय मी. कोण आहे ही उंदरी?

मुकाश : घोडी होती आमची. राखाडी. जन्मली तेव्हा एवढीशी होती, ओलीचिंब, थरथरत होती. चिनारा सहा वर्षांची. म्हणाली, हा तर उंदीर आहे! बाहेर सगळे तिला मुकाशची राखाडी म्हणायचे. उंदरी फक्त या घरात. आम्ही तिघं. त्यातली बायको गेली.

सेय्दे : म्हणजे...

मुकाश : म्हणजे तिनेच पाठवलंय. दुसरं कुणी जिवंत नाही पाठवायला.

सेय्दे : अहो मग हे तर चांगलंच झालं की! रडताय कशाला? आणि अकरा वर्षं हे नाव का घेतलं नाहीत?

मुकाश : बायको गेली तेव्हा आपल्या रीतीने मयताच्या जेवणाला घोडा कापायला हवा होता. चारशे माणूस यायचं होतं. दुसरा घोडा होता, पण तो लंगडा. भाऊबंद म्हणाले, एवढ्या मानाच्या बाईला लंगडा घोडा कापून निरोप देणार का? मी मान डोलावली. तेवढंच केलं मी, मान डोलावली.

सेय्दे : आणि चिनारा?

मुकाश : बिश्केकहून यायला तिला दुपार झाली. दोन दिवसांची उपाशी. बायकांनी आधी तिच्यासमोर ताट ठेवलं. ती जेवली, सेय्दे. मी समोर होतो, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. संध्याकाळी ती खिशात साखर घेऊन तबेल्यात गेली.

सेय्दे : अरे देवा.

मुकाश : रिकाम्या दाव्यासमोर उभी होती. माझ्याकडे वळून एकदाच म्हणाली, "माहीत होतं तुम्हाला." सकाळी निघून गेली. तिसऱ्या दिवसाच्या विधीलाही थांबली नाही. लोक म्हणाले, आईच्या मातीला पाठ दाखवली पोरीने. मी तेव्हाही गप्प.

सेय्दे : आणि अकरा वर्षांनी ते नाव कोड्यात घातलंत.

मुकाश : छप्पर, जर्दाळू, गुडघा सगळं लिहून झालं होतं. लिहायचं होतं ते एवढंच राहिलं होतं. तेही तुम्ही धड छापलं नाहीत.

सेय्दे : पोचलं ना पण! हा घ्या नंबर. लावा फोन.

मुकाश : नको.

सेय्दे : मी लावते.

मुकाश : सेय्दे, हात जोडतो. तिचा आवाज ऐकला तर जे थोडंफार सुचतंय तेही जाईल. तू लिही. मी सांगतो.

सेय्दे : सांगा.

मुकाश : लिही, "उत्तर बरोबर आहे."

सेय्दे : एवढंच? अकरा वर्षांनी मुलीला गुण देताय?

मुकाश : "उत्तर बरोबर आहे. चूक माझी होती." पाठव. पाठवलंस?

सेय्दे : गेलं. आता चहा घ्या, गार झालाय. आणि असं फोनकडे टक लावून बघू नका, तिकडे लोक कामावर असतात या वेळी. संध्याकाळपर्यंत...

(फोन वाजतो. निरोप आल्याचा छोटासा आवाज.)

मुकाश : वाच.

सेय्दे : आबा, जरा...

मुकाश : शिव्या असतील तरी वाच.

सेय्दे : शिव्या नाहीत. विचारलंय, "त्या सकाळी तिच्याजवळ कोण होतं?"

मुकाश : उंदरीजवळ. कापली त्या सकाळी.

सेय्दे : काय लिहू?

मुकाश : लिही, मी होतो. परक्या हातात दिली नाही. खाटीक आला तेव्हा मान मीच धरली होती, डोळ्यांवर हात ठेवला होता. ती घाबरली नाही. मला ओळखत होती ना, म्हणून घाबरली नाही. मी रडत होतो, तेही लिही.

सेय्दे : "मी...रडत...होतो." लिहिलं. पाठवू?

मुकाश : थांब. सगळ्यात आधी "पोरी" असं लिही.